बालकल्याण यंत्रणेच्या कामाची स्वतंत्र तपासणी कोणी करावी आणि नेमके काय तपासावे?

ओसरी

नमस्कार. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी राहते आणि काही वर्षांपासून दर शनिवारी तेथील एका बालगृहात मुलींना गणित शिकवायला जाते. शासनाच्या किंवा संस्थेच्या कारभाराशी माझा दुसरा कोणताही संबंध नाही. जाणकारांना विचारावा असा एक प्रश्न बराच काळ मनात आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

मध्यंतरी जिल्हा तपासणी समितीची भेट मला जवळून पाहता आली. भेटीची तारीख संस्थेला आधीच ठाऊक होती. आदल्या दिवशी चादरी बदलल्या गेल्या, भिंतीवरचा आहाराचा तक्ता नव्याने लिहिला गेला आणि व्हरांड्यातील तक्रारपेटी स्वच्छ पुसली गेली. त्या पेटीची किल्ली मात्र नेहमीप्रमाणे अधीक्षकांच्या टेबलाच्या खणातच राहिली. समितीने हजेरीपट, धान्यसाठ्याची वही आणि वैद्यकीय कार्डे पाहिली, नंतर काही मुलींना कार्यालयात बोलावले आणि अधीक्षक शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असतानाच त्यांना विचारले, "जेवण वेळेवर मिळते ना? काही त्रास नाही ना?" मुलींनी माना हलवल्या. अहवालात बहुधा सर्व काही समाधानकारक असल्याचे लिहिले गेले असेल. समितीतील माणसे बेफिकीर होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी नेमून दिलेले काम नेमून दिलेल्या पद्धतीने केले.

बाल न्याय अधिनियम, 2015 मधील कलम 54 मी वाचले आहे. तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी, पथकात तीनपेक्षा कमी सदस्य नसावेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि भेटीनंतर आठवडाभरात अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु ही सारी तपासणी संस्थेची झाली. ज्या यंत्रणेच्या भरवशावर मूल त्या संस्थेत येते, म्हणजे मुलाला कोठे ठेवायचे हे ठरवणारी बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि महिला व बाल विकास विभाग, तिच्या कामगिरीचे स्वतंत्र लेखापरीक्षण कोणी करते का? कायद्यात त्याची सोय आहे का? आपल्या देशात असे काही झाल्याचे उदाहरण आहे का, आणि त्यातून काय निष्पन्न झाले?

ताळेबंद

आपण प्रश्न योग्य ठिकाणी नेला आहे. मी महालेखाकार कार्यालयात नोकरी केली असून आता निवृत्त आहे. पुढील मते माझी व्यक्तिगत आहेत.

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट करतो. हिशेबाची लेखापरीक्षा पैसा कोठे गेला हे पाहते, नियमपालनाची लेखापरीक्षा नियम पाळले गेले का हे पाहते, आणि कामगिरीची लेखापरीक्षा ज्या हेतूने हा सारा खटाटोप उभा केला तो हेतू काटकसरीने, कार्यक्षमतेने आणि परिणामकारकपणे साध्य झाला का, हे तपासते. बालकल्याणाच्या बाबतीत पहिल्या दोन परीक्षा निर्दोष ठरूनही तिसरी पूर्ण फसू शकते. अनुदानाचा पैन् पै हिशेब लागतो, प्रत्येक नोंदवही अद्ययावत असते, आणि तरीही जे मूल चार महिन्यांत घरी जायला हवे होते ते चार वर्षे बालगृहात राहते.

आता अधिकारांविषयी. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांना राज्य शासनाच्या कोणत्याही विभागाच्या कामगिरीची लेखापरीक्षा करता येते आणि संविधानाच्या अनुच्छेद 151 नुसार तो अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. स्वयंसेवी संस्थांचा प्रश्न महालेखापरीक्षकांच्या अधिकारांविषयीच्या 1971 च्या अधिनियमाने सोडवला आहे. ज्या संस्थेला वर्षाला 25 लाख रुपयांहून कमी नाही इतके शासकीय अनुदान मिळते आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांहून कमी नसते, ती कलम 14 खाली येते, म्हणजे तिची लेखापरीक्षा महालेखापरीक्षकांना करता येते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते कलम 15, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. विशिष्ट कामासाठी अनुदान दिले असेल, तर ज्या अटींवर ते दिले त्या पाळल्या जात आहेत याची खात्री अनुदान मंजूर करणारा अधिकारी कोणत्या पद्धतीने करून घेतो, ती पद्धत तपासण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. आपण पाहिलेली भेट, ती आधी कळवण्याची प्रथा आणि त्या अहवालाचे पुढे काय झाले, हे सर्व या कलमाच्या कक्षेत बसते. म्हणजेच तपासणाऱ्याची तपासणी कायद्याला अपरिचित नाही.

बाल न्याय अधिनियमातही कलम 55 आहे. बाल न्याय मंडळ, बालकल्याण समिती, विशेष बाल पोलीस पथक आणि नोंदणीकृत संस्था यांच्या कामाचे स्वतंत्र मूल्यमापन केंद्र किंवा राज्य शासन करू शकेल, असे ते म्हणते. 2021 च्या दुरुस्तीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही हा अधिकार मिळाला. मात्र कलम 54 मधील भेटी बंधनकारक आहेत आणि कलम 55 मधील मूल्यमापन ऐच्छिक आहे. संस्थेची तपासणी सक्तीची आणि यंत्रणेची तपासणी मर्जीवर, ही मांडणीच मला चुकीची वाटते.

नेमके काय तपासावे, याचे उत्तर मी कारकुनी वाटेल इतके साधे देईन. जिल्ह्यातील मुलांच्या फायलींतून यादृच्छिक पद्धतीने नमुना काढावा आणि प्रत्येक फाईल मूल यंत्रणेच्या हाती आल्यापासून ते बाहेर पडेपर्यंत तारखांनिशी वाचावी. मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर केले गेले का? सामाजिक तपासणीचा, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा, अहवाल 15 दिवसांत आला का, की समितीच्या अंतिम आदेशाच्या आदल्या दिवशीची तारीख घालून तो फाईलला लावला गेला? अंतिम आदेश चार महिन्यांत झाला का? त्या मुलाची वैयक्तिक काळजी योजना खरोखर त्या मुलाची आहे, की नाव बदलून तीच चार वाक्ये साठ फायलींत उतरवली आहेत? मूल कुटुंबात परत गेले असेल, तर त्यानंतर कोणी त्या घरी गेले का? अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या मुलाला कायद्याने आर्थिक साहाय्य देऊ केले आहे. ते किती जणांपर्यंत पोहोचले? समितीच्या बैठका महिन्यातून किमान वीस दिवस व्हायला हव्यात, त्या झाल्या का, आणि अध्यक्ष व चार सदस्य यांतील किती पदे किती काळ रिकामी होती?

साठ फायलींत तीच चार वाक्ये सापडणे हा लेखापरीक्षेचा सर्वांत मोलाचा शोध असतो, कारण त्यावरून समुपदेशक मुलाला भेटलाच नाही हे कळते. हिशेबाच्या कोणत्याही परीक्षेत ही गोष्ट सापडणार नाही.

महालेखापरीक्षकांच्या वाटेला मर्यादाही आहेत. विषयांची निवड ते स्वतः करतात, त्यामुळे एका विषयाची पाळी अनेक वर्षांनी येते. अहवाल तयार होऊन विधिमंडळापुढे येईपर्यंत परीक्षाकाळ मागे पडलेला असतो, आणि हे अहवाल तपासणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती प्रत्येक परिच्छेदावर सुनावणी घेऊ शकत नाही. शिवाय आम्ही कागद वाचायला शिकलेली माणसे आहोत. मुलांशी बोलण्याचे कसब आमच्या प्रशिक्षणात नव्हते.

करवंद

ताळेबंद यांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहिते. मी समाजकार्याचे शिक्षण मुंबईत घेतले आहे आणि बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करते.

ओसरी, आपण विचारलेले उदाहरण बिहारचे आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'कोशिश' हा क्षेत्रकार्य प्रकल्प मुंबईत चेंबूरच्या भिक्षेकरी गृहातील माणसांबरोबर काम करत वाढला. बंद दारांआडच्या संस्थांत माणसे कशी बोलतात, कशी गप्प राहतात आणि केव्हा बोलू लागतात, याचा अनुभव त्या पथकाकडे होता. बिहारच्या समाजकल्याण विभागाने 2017 मध्ये राज्यातील निवारागृहांच्या सामाजिक अंकेक्षणाचे, म्हणजे तेथे राहणाऱ्यांशी बोलून करायच्या तपासणीचे, काम या प्रकल्पाकडे सोपवले. पथकाने 110 संस्था पाहिल्या आणि एप्रिल 2018 च्या अखेरीस अहवाल विभागाला सादर केला. त्यांतील 17 संस्थांविषयी गंभीर चिंता नोंदवलेली होती. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील मुलींवर होणाऱ्या अत्याचारांचा उल्लेख त्याच अहवालात होता. मुंगेरच्या मुलांच्या गृहात अधीक्षक मुलांकडून स्वतःच्या घरची कामे करून घेत असल्याचेही त्यात होते. चांगले काम करणाऱ्या काही संस्थांचीही अहवालाने आवर्जून दखल घेतली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

मुझफ्फरपूरच्या त्या गृहाला अधिकाऱ्यांच्या भेटी होत नव्हत्या असे नाही. भेटी होत होत्या आणि शेरेही लिहिले जात होते. पुढे जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या साकेत न्यायालयाने ज्या 19 जणांना दोषी ठरवले, त्यांत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष, समितीचा एक सदस्य आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी यांचा समावेश होता. ज्यांनी मुलींचे ऐकून घ्यायचे तेच आरोपी असतील, तर तक्रारपेटी, त्रैमासिक भेट आणि समितीची बैठक ही सारी दारे एकाच खोलीत उघडतात. बाहेरच्या पथकाची गरज मला याच कारणासाठी वाटते. बाहेरची माणसे अधिक हुशार असतात असे अजिबात नाही, परंतु त्यांच्याशी बोलल्यावर ती गोष्ट त्याच खोलीत परत जाणार नाही, इतका तरी विश्वास मुलाला ठेवता येतो.

कर्मचाऱ्यांना दूर ठेवून मुलांशी बोलणे हा त्या पथकाच्या कामाचा कणा होता. मूल अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत काही सांगत नाही. त्याच्याबरोबर जमिनीवर बसावे लागते, चित्रे काढावी लागतात, जेवणाच्या पंगतीत बसून तेच अन्न खावे लागते. थेट प्रश्न टाळावे लागतात. "तुला कोणी मारते का?" या प्रश्नाला नकार मिळतो, "रात्री पोट दुखले तर कोणाला उठवतेस?" या प्रश्नावर मुलगी क्षणभर थांबली, तर त्या थांबण्याची नोंद घ्यायची असते. मी स्वतः संस्था पाहायला जाते तेव्हा आधी न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का हे पाहते. नंतर रात्रपाळीला कोण असते, त्या व्यक्तीची झोपण्याची जागा कोठे आहे आणि मुलींच्या खोलीला बाहेरून कुलूप लागते का, हे पाहते. नोंदवह्या मी शेवटी उघडते.

अहवालानंतर काय झाले, हेही नीट पाहायला हवे. विभागाला अहवाल मिळाला एप्रिलच्या अखेरीस आणि मुझफ्फरपूरचा गुन्हा नोंदला गेला 31 मे 2018 रोजी. वैद्यकीय तपासणीत 42 पैकी 34 मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. तपास जुलैमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. अहवाल सर्वांना वाचायला मिळाला ऑगस्टमध्ये, आणि उरलेल्या संस्थांचा तपासही केंद्रीय अन्वेषण विभागानेच करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागला. एवढा बोलका अहवाल हाती असतानाही न्यायालयाचा रेटा लागला. म्हणून माझे मत असे आहे की, तपासणी स्वतंत्र कोणी केली हा अर्धाच प्रश्न आहे. अहवाल कोणाच्या हाती पडतो, त्यावर किती दिवसांत काय करणे त्या व्यक्तीला भाग आहे आणि तो लोकांसमोर केव्हा येतो, हे आधी लिहून ठेवले नाही, तर स्वतंत्र पथकाचे कष्ट एका टेबलावर अडकून पडतात.

आणखी एक गोष्ट करारातच लिहिलेली असावी. तपासणी चालू असताना एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल सांगितले, तर त्यासाठी अंतिम अहवालाची वाट पाहता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 मधील कलम 19 नुसार ती माहिती तत्काळ पोलिसांना देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. पथक निघून गेल्यावर ते मूल त्या रात्री कोठे झोपणार, याची व्यवस्था पथकाने जिल्हा सोडण्यापूर्वी झालेली असली पाहिजे. हे न करता मुलांना बोलते करणे हा मुलांशी केलेला मोठा अन्याय आहे.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये एका स्थानिक प्राधिकरणात बालसंरक्षणाचे काम करतो. करवंद यांनी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत मुलांशी बोलण्याचा मुद्दा मांडला आहे. त्याला जोडून येथील एक अनुभव सांगतो, कारण या देशात तपासणी संस्था स्वतंत्र आहे, कायद्याने सक्तीची आहे, तिचे अहवाल प्रसिद्ध होतात, आणि तरीही ती एकदा सपशेल फसली.

उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागात ऑगस्ट 2007 मध्ये सतरा महिन्यांचे एक बाळ घरातील छळाने मरण पावले. वृत्तपत्रांत ते 'बेबी पी' या नावाने ओळखले गेले. त्या कुटुंबाकडे समाजसेवक, डॉक्टर आणि पोलीस या सर्वांचे येणेजाणे होते. त्याच वर्षीच्या अखेरीस ऑफस्टेड या तपासणी संस्थेने हॅरिंगेच्या बालसेवांना 'चांगले' हा दर्जा दिला. खटला संपून देशभर संताप उसळल्यावर, 2008 च्या शेवटी, तातडीची प्रत्यक्ष तपासणी झाली आणि त्याच सेवा 'अपुऱ्या' ठरल्या. पहिले मूल्यमापन मुख्यतः प्राधिकरणाने स्वतः पुरवलेल्या आकड्यांवर बेतलेले होते. प्रकरणांची प्राथमिक छाननी ठरलेल्या दिवसांत पूर्ण झाली का, याचे ते आकडे होते. ते वाचणारे निरीक्षक स्वतंत्रच होते, पण आकडे पुरवणारे स्वतंत्र नव्हते.

त्यानंतर पद्धत बदलली. आता निरीक्षक प्राधिकरणात येऊन निवडक मुलांच्या नोंदी त्या मुलांच्या समाजसेवकांबरोबर बसून वाचतात आणि निर्णय का घेतला हे त्यांच्याच तोंडून समजून घेतात. 2018 पासून लागू असलेल्या चौकटीत मोठ्या तपासणीची सूचना साधारण आठवडाभर आधीच मिळते. हे मला बरे वाटते, कारण एका आठवड्यात चादरी बदलता येतात, पण वर्षभराच्या नोंदी बदलता येत नाहीत.

मात्र त्या प्रकरणानंतर येथे आणखी एक परिणाम दिसला आणि तो दुर्लक्षित राहू नये. मुलांना कुटुंबातून काढून ताब्यात घेण्यासाठी न्यायालयात होणाऱ्या अर्जांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांतील अनेक अर्ज योग्यच असतील, परंतु उद्या ठपका आपल्यावर येऊ नये या भीतीने घेतलेले निर्णयही त्यांत होते, असे आमच्या क्षेत्रातील अनेकांचे मत आहे. लेखापरीक्षणाचा शेवट एका समाजसेवकाला नोकरीवरून काढण्यात होत असेल, तर उरलेले समाजसेवक मुलाचे हित पाहण्याऐवजी स्वतःची फाईल सांभाळू लागतात.

दीपमाळ

चर्चा वाचून थोडे कटू वाटले, तरीही लिहितो. पश्चिम महाराष्ट्रात आमची संस्था एक लहान बालगृह चालवते. आमच्याकडे जिल्हा समिती येते, बालकल्याण समिती येते, राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाचे सदस्य येतात, राष्ट्रीय आयोगाच्या 'मासी' या तपासणीसाठीच्या ॲपवर माहिती भरली जाते, शिवाय धर्मादाय आयुक्तालयाला द्यायचे लेखापरीक्षित हिशेब वेगळेच. प्रत्येकाचा नमुना निराळा असतो. आमची एकमेव समुपदेशक महिन्यातील कित्येक दिवस तक्ते भरण्यात घालवते. साठ फायलींत तीच चार वाक्ये का असतात, याचे एक कारण हेही आहे, हे ताळेबंद यांनी लक्षात घ्यावे.

मुझफ्फरपूरनंतर प्रत्येक संस्थेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्यामागची वेदना मी समजू शकतो. मुलांच्या बाबतीत संशय थोडा अधिक असलेलाच बरा. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने 2016-17 मध्ये केलेल्या नोंदमोहिमेत देशभरात 9,589 संस्था आढळल्या आणि त्या वेळी त्यांतील जेमतेम एकतृतीयांश संस्थांचीच बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी झालेली होती. यापैकी बहुसंख्य संस्था स्वयंसेवी होत्या. म्हणजे हा भार शासनाने मुख्यतः आमच्यासारख्यांवर सोपवलेला आहे आणि त्यावर देखरेख हवीच, याबद्दल दुमत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, तपासणीचा झोत वर जात नाही. अनुदानाचा हप्ता कित्येक महिने उशिरा आला, तर त्याची नोंद कोणत्याही तपासणी अहवालात होत नाही. त्या काळात दूध कमी झाले, तर ती नोंद आमच्या नावावर होते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. मुलाच्या गावी जाऊन गृहभेट करायची तर गाडी उपलब्ध नसते. बालकल्याण समितीची मुदत संपून नवीन समिती नेमायला विलंब झाला, की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार जातो, आणि आमच्या मुलांना प्रत्येक तारखेला एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात न्यावे लागते. एका मुलाच्या घरी परतण्याचा आदेश अशाच काळात रखडला. त्याची आई दर आठवड्याला दूरध्वनी करून "आज झाले का?" असे विचारायची आणि आमच्याकडे तिला द्यायला उत्तर नसायचे. या दिरंगाईची लेखापरीक्षा कोण करणार?

करवंद

दीपमाळ, आपण लिहिले ते अगदी योग्य आहे, आणि ते संस्थेच्या बचावापुरते मर्यादित नाही. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे अडकले होते हे शोधणे, हीच यंत्रणेच्या कामगिरीची लेखापरीक्षा. अनुदान मंजूर झाल्याची आणि प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख, समितीतील रिक्त पदांचा कालावधी आणि गृहभेटींचा तपशील हे संस्थेच्या अहवालाच्या शेजारच्याच रकान्यात छापले गेले, तर कोणाची चूक कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे वाचणाऱ्याला दिसेल. बिहारच्या अहवालाचा भर संस्थांवर होता, हे खरे आहे. तेथून पुढे जायला हवे.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. तपासण्या फार होतात म्हणून समुपदेशकाला मुलाला भेटायला वेळ मिळत नाही, हे तपासण्यांचे नमुने एकत्र करण्याचे कारण होऊ शकते. मुलाला न भेटता योजना लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही. ती योजना समितीपुढे जाते आणि तिच्या आधारे मुलाच्या आयुष्याचा निर्णय होतो. ज्या दिवशी वेळ नव्हता, त्या दिवशी 'भेट झाली नाही' असे लिहावे. ते प्रामाणिक राहील आणि मनुष्यबळ कमी असल्याचा पुरावाही तोच ठरेल.

ताळेबंद

दीपमाळ यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावर कायदेशीर उपायाची दिशाही उपलब्ध आहे. रोजगार हमीचे मूळ महाराष्ट्रातले. तोच विचार 2005 मध्ये राष्ट्रीय कायदा झाला, तेव्हा त्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली, आणि 2011 मध्ये महालेखापरीक्षकांशी विचारविनिमय करून जे नियम केले गेले, त्यांनुसार प्रत्येक राज्यात अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेपासून वेगळा असा सामाजिक अंकेक्षण कक्ष स्थापन करणे आवश्यक झाले. मेघालयाने 2017 मध्ये त्याही पुढे जाऊन अनेक योजनांसाठी सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र अधिनियमच केला. बालकल्याणासाठीही असा कायमस्वरूपी, विभागाबाहेरचा कक्ष असावा, त्याला विधिमंडळाकडून थेट निधी मिळावा आणि त्याचा अहवाल विभागाच्या संमतीवाचून ठरलेल्या मुदतीत सभागृहापुढे यावा, असे मला वाटते. कागद वाचणारे आमच्यासारखे लोक आणि मुलांशी बोलणारे करवंद यांच्यासारखे लोक एकाच पथकात असावेत. आज ही दोन कामे दोन वेगळ्या यंत्रणांकडे आहेत आणि एकीचा निष्कर्ष दुसरीपर्यंत पोहोचत नाही.

प्रसिद्धीबाबत एक दक्षता घ्यावी लागेल. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड होईल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. या कलमाचा आधार घेऊन संस्थेचे, समितीचे किंवा विभागाचे नाव मात्र झाकता येत नाही. तशी ढाल पुढे केली गेली, तर ती स्वीकारू नये.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. दीपमाळ यांनी लिहिलेले वाचल्यावर मला आमच्या बालगृहाच्या अधीक्षकांकडेही थोडे वेगळ्या नजरेने पाहता आले. तक्रारपेटीच्या किल्लीचा विषय मी त्यांच्याशी थेट बोलणार आहे. ती किल्ली बालकल्याण समितीच्या सदस्याकडे असावी, असे सुचवणार आहे.

माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज करायचेही मी ठरवले आहे. जिल्हा तपासणी समितीच्या गेल्या दोन वर्षांतील अहवालांच्या प्रती मागाव्यात असा विचार आहे. हे योग्य होईल का?

ताळेबंद

केवळ अहवालांच्या प्रती मागितल्यास मुलांच्या गोपनीयतेचे कारण देऊन अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता आहे. त्याऐवजी तारखा मागा. या दोन वर्षांत प्रत्येक संस्थेला दिलेल्या भेटींच्या तारखा, प्रत्येक भेटीला हजर असलेल्या सदस्यांची पदनामे, अहवाल सादर केल्याची तारीख आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची तारीख, असा चार रकान्यांचा तक्ता अर्जातच आखून द्या. दुसरा अर्ज वेगळा करा आणि त्यात बालकल्याण समितीच्या बैठकींच्या तारखा, रिक्त पदांचा कालावधी आणि चार महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित असलेल्या प्रकरणांची केवळ संख्या विचारा. यांत कोणत्याही मुलाची ओळख येत नाही. कलम 55 खाली जिल्ह्यात आजवर मूल्यमापन झाले आहे का, झाले असल्यास कोणी व केव्हा केले, हा प्रश्न दुसऱ्या अर्जाच्या शेवटी जोडा.

अहवालांच्या प्रती हव्याच असतील, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 चा उल्लेख करून मुलांची नावे व ओळखीचे तपशील वगळून उरलेला भाग द्यावा, अशी मागणी तिसऱ्या अर्जात करा. माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर देणे अपेक्षित आहे. ते न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. अर्जाची पोच घेताना आवक क्रमांक व तारीख स्पष्ट उमटली आहे ना, हे खिडकीवरच पाहून घ्या.